गुरुवारचा भोपळा

आश्रम, मालेच्या पुढे,
ता. मुळशी, जि. पुणे
५ सप्टेंबर १९६०

चि. शरयू,

आशीर्वाद. आपण एकमेकींशी बोलत नाही हे माझ्या चांगलं लक्षात आहे. पण आशीर्वाद द्यायला बोलावं लागत नाही.

हे पत्र फक्त पत्ता कळवण्यासाठी आहे. उद्या मला काही झालं तर इथल्या लोकांना तार कुठे करायची ते माहीत असावं, आणि तार आल्यावर तुला मुळशी कुठे आहे हे माहीत असावं, एवढ्याचसाठी. बाकी सांगण्यासारखं काही नाही.

तुझे अण्णा गेल्यावर तू आणि दिगंबररावांनी मला इटारसीला चला म्हटलं. मी म्हटलं, जावयाच्या घरी मी कायमची राहायला यायची नाही. त्यावर तू काय म्हणालीस ते आठवतं? "मग बस त्या नारायण पेठेतल्या खोलीत भिंतींशी बोलत." दोन वर्षं बोलले. त्यांनीही तुझ्यासारखंच एका अक्षराने उत्तर दिलं नाही. शेवटी गेल्या महिन्यात खोलीला कुलूप घातलं आणि शेजारच्या वहिनींनी सांगितलेल्या या आश्रमात आले. आता मला कुणाचं काही वाटत नाही.

इथले स्वामीजी रोज सकाळी सांगतात की कुणी कुणाचं नसतं. मला फार पटतं. पहिल्या दिवशी तर इतकं पटलं की मान हलवून हलवून मानेत उसण भरली. स्वामीजी वयस्कर आहेत, मोजकं बोलतात आणि चांगले हसतात. सगळा कारभार लेले म्हणून एक गृहस्थ बघतात. आंब्याला घंटा म्हणून रुळाचा तुकडा टांगलाय, तो ते पहाटे असा बडवतात की धरणाच्या पाण्यापलीकडची कुत्री भुंकतात. मग प्रार्थना, मग सारवण, झाडलोट, मग शेतात खुरपणी. चहा मिळत नाही. चहाने मन चंचल होतं म्हणे. माझं मन चहा न मिळाल्याने किती चंचल होतं हे लेल्यांना कोण सांगणार?

आल्या आल्या लेल्यांनी विचारलं, कोणती सेवा कराल? मी म्हटलं, स्वयंपाकघर सोडून काहीही. जन्मभर तेच केलं. पण तिसऱ्या दिवशीची आमटी मी चाखली आणि पानावरून उठून सरळ चुलीशी गेले. अण्णांनी ती आमटी खाल्ली असती तर त्यांनी संन्यास घेतला असता, आणि तोही दुसऱ्या आश्रमात. तेव्हापासून स्वयंपाकघर माझ्याकडे आहे.

एक गोष्ट तेवढी स्पष्ट सांगते. इथे दोन तऱ्हेची माणसं. पाहुणे आणि आश्रमवासी. पाहुण्याला दिवाळीच्या पाडव्यापर्यंत राहता येतं. मग एकतर घरी जायचं, नाहीतर आश्रमवासी म्हणून नाव द्यायचं. नाव दिलं की मागचं घरदार सुटलं. पत्रसुद्धा लिहायचं नाही. मी नाव देणार आहे. खोली सोडते म्हणून घरमालकांना कळवणार आहे. म्हणजे पुण्यात तुझं माहेर म्हणून काही राहणार नाही. तू दोन वर्षांत तिथे पाऊल टाकलं नाहीस, तेव्हा तुला काही फरक पडू नये. तरी पाडव्याच्या आत काही म्हणायचं असेल तर म्हण. मला घाई नाही.

तुझी,
आई

इटारसीला थंडी लवकर पडते असं ऐकते. तुझा तो खोकला सुरू होण्याआधी अडुळसा घेत जा. याचं उत्तर नको.

१६ सप्टेंबर १९६०

चि. शरयू,

आशीर्वाद. उत्तर नको म्हटलं की उत्तर न देण्याइतकी आज्ञाधारक तू कधीपासून झालीस?

लिहिणार नव्हते, पण काल अशी गंमत झाली की ती सांगायला इथे माणूस नाही. आश्रमवासी हसत नाहीत, आणि जिच्याबरोबर हसावं तिच्यामुळेच ती गंमत झाली आहे.

तिचं नाव रंभाबाई. माले गावची. नवरा भात करतो आणि ही रोज आश्रमात भाजी, लाकडं घेऊन येते, दुपारपर्यंत माझ्या हाताखाली राबते. हाताखाली म्हणायचं एवढंच. हुकूम तीच सोडते. "आक्का, सरा बाजूला, तुमाला जाळ करता येत न्हाई." मला तिचा राग यायला हवा, पण येत नाही. तिच्या तोंडाला खळ नाही आणि मला ऐकायला माणूस हवं होतं.

तर काल गुरुवार. गुरुवारी आश्रमात मौन असतं. प्रत्येकाच्या गळ्यात पाटी आणि पेन्सिल, शाळेतल्या बिगरीच्या पोरांसारखी. काही हवं असलं तर पाटीवर लिहायचं. परवा स्वामीजी सहज म्हणाले होते की त्यांच्या आई पितृपक्षात घारगे करत. माणूस विरक्त झाला तरी जिभेला आई आठवते. मी मनात धरलं की अमावास्येला त्यांना घारगे खायला घालायचे. त्याला तांबडा पिकलेला भोपळा हवा, आणि तो रंभाबाईच्या मांडवावर आहे.

रंभाबाई आली. मी पाटीवर झोकात लिहिलं, "चांगला पिकलेला मोठा भोपळा आण." तिने पाटी बघितली, मग माझ्याकडे बघितलं. तिला अक्षर येत नाही हे मला माहीत होतं, पण गळ्यात पाटी असली की माणूस तेवढा विचार करत नाही. मग आल्या खुणा. दोन्ही हातांनी पोटापुढे हा एवढा गोल करून दाखवला. त्यावरून हात फिरवला, म्हणजे गुळगुळीत, डाग नसलेला. मग लांब मालेकडे बोट दाखवलं, म्हणजे तुझ्या घरचा. मग तोंडाशी बोटं नेऊन मिटक्या मारल्या, म्हणजे गोड खायला करायचंय. आणि चार बोटं दाखवली, म्हणजे आजपासून चौथ्या दिवशी आण.

रंभाबाईचे डोळे हे एवढे झाले. तिने पाटा पुसायचं फडकं खाली टाकलं आणि मला म्हणाली,

"आगं बया! लेकीला दिस गेल्यात?"

मी नाही म्हणून जोरजोराने मान हलवली. तिने ते हो असं घेतलं.

"चार म्हयनं? आन डव्हाळं बी लागल्यात? आक्का, आन तुमी आज सांगताय व्हय मला!"

मी पाटी वर केली, खाली केली, पुन्हा भोपळा केला. जितका भोपळा करावा तितकी ती खूश! शेवटी तिने माझ्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली आणि तरातरा गेली. भोपळा राहिला बाजूला.

आता तू विचारशील, रंभाबाईला माझी मुलगी आहे हे कसं कळलं. मी इथे तुझं नावसुद्धा काढत नाही. इटारसीला असतेस, गव्हाच्या चिकाची तुला भारी आवड, लहानपणी पर्वतीच्या पायऱ्या कडेवर बसूनच चढायचीस, रागावलीस की नाकाचा शेंडा लाल होतो, एवढंच कधीतरी बोलण्यात आलं असेल.

तुझी,
आई

२५ सप्टेंबर १९६०

चि. शरयू,

आशीर्वाद. हे पत्र लिहावं की नाही याचा मी दोन दिवस विचार केला. तुझ्या लग्नाला सहा वर्षं झाली. त्या विषयावर मी तुला कधी एक शब्द विचारला नाही आणि विचारणार नाही. लोकांनी तुला पुरेसं विचारलं आहे. तेव्हा या गमतीने तुला बोचलं तर हे पत्र चुलीत घाल आणि मला दोन शिव्या लिहून पाठव. शिव्या आल्या तरी मला चालतील, पत्र तर येईल.

पण ही गंमत आता माझ्या हातात राहिलेली नाही.

शुक्रवारी मौन सुटल्याबरोबर मी रंभाबाईला धरलं. म्हटलं, "अगं, मी भोपळा मागत होते. माझ्या लेकीला काही दिवस गेलेले नाहीत."

ती डोळा बारीक करून म्हणाली, "व्हय व्हय. न्हाईतच गेलं."

"खरंच सांगते."

"आक्का, मी काय कुनाला बोलनार न्हाई. पाच म्हयनं हुईस्तवर बोलूच नये. दिस्ट लागती. तुमी न्हाईच म्हना, मी बी न्हाईच म्हनते."

बघ, आली का पंचाईत! दिवस गेल्याचं लपवतात हे तिला पक्कं ठाऊक. त्यामुळे मी जितकं नाही म्हणावं तितकी तिची खात्री. "मी बी न्हाईच म्हनते" असं तिने सगळ्या मालेत सांगितलं असावं, कारण रविवारी खुरपायला आलेल्या साऱ्या बायका माझ्याकडे बघून गोड हसत होत्या आणि एकीनेही काही विचारलं नाही. न विचारण्याची पद्धत अशी की सगळ्या डोंगराला कळावं.

वरच्या अंगाला धनगरवाडा आहे. तिथली बायजा शेळ्या घेऊन आश्रमाच्या कुंपणाशी येते. तिने मला बोलावलं आणि हातात अर्धा तांब्या दूध ठेवलं. "आक्का, ही पांढरी शेळी लेकीसाठी राखून ठिवली. हितं आली की रोज दूध." मी म्हटलं, बायजा, ती येणार नाहीये. बायजा म्हणाली, "पयल्या येळंला लेक आईकडंच येती. मंग कुटं जाईल?"

मी तिच्या मागोमाग वर तिच्या खोपटात गेले. तिने चुलीवर चहा टाकला, तो प्यायले.

हो, चहा. मी रोज दुपारी तासभर "निसर्ग बघायला" जाते आणि बायजाच्या खोपटात शेळीच्या दुधाचा चहा पिते. लेल्यांना माझं निसर्गप्रेम फार आवडतं. डोंगरउतार सगळा सोनकीने पिवळा झालाय, तेव्हा अगदीच खोटं नाही. परवा खोपटाशी पोचले तर बाहेर भिंतीला एक काठी टेकवलेली. ओळखीची, पितळी मुठीची. आतून फुरके मारल्याचा आवाज येत होता. मी तशीच मागे फिरले आणि करवंदीच्या जाळीआड थांबले. थोड्या वेळाने स्वामीजी मिशा पुसत बाहेर आले, मला बघितलं, आणि म्हणाले, "निसर्ग छान आहे." मी म्हटलं, "फारच." गुरूविषयीचा माझा आदर त्या दिवशी दुप्पट झाला.

भोपळा मात्र आला बरं का. घारगे झाले. स्वामीजींनी सहा खाल्ले, आणि भोपळ्याने बद्धकोष्ठ जातं असं लेल्यांनी स्वतःला समजावून आठ.

तुझी,
आई

३ ऑक्टोबर १९६०

शरयू,

पाडवा आता जवळ आला. लेले काल विचारून गेले, नाव कधी देता? मी म्हटलं, बघू. ते म्हणाले, घरमालकांना कळवलंत का? मी म्हटलं, शाई संपली आहे. हे पत्र शाईनेच लिहिते आहे हे तुला दिसतंच आहे.

दसऱ्याला रंभाबाई सोनं द्यायला आली आणि मला ओढत तिच्या घरी घेऊन गेली. लेल्यांना सांगितलं की सीमोल्लंघन. घर साधं, पुढे अंगण, मांडवावर अजून भोपळे लटकलेले. त्यांच्याकडे मी मुद्दाम बघितलं नाही. आत गेले तर तिचा नवरा कोंडाजी बाजेला नवी सुतळी विणत बसलेला. मला बघून म्हणाला, "जरा घट्ट धरली हाय. बाळंतिनीला सैल बाज नगं, पाठ धरती."

मी म्हटलं, कोणाची बाळंतीण? तो गप्प हसला. त्यालाही बायकोने बोलायचं नाही म्हणून बजावलेलं.

मग रंभाबाईने एकेक वस्तू पुढे ठेवली. डिंक, गुळाची ढेप, अळीव, आणि गाडग्यात नवा आंबेमोहोर, म्हणजे नवा कसला, जुनाच, मुद्दाम मुरवलेला. बाळंतिणीला जुना तांदूळ पचतो. "आश्रमात बाळतपन चालनार न्हाई, ते सोवळं हाय," ती म्हणाली. "हितं या. ही खोली तुमाला दिली. आमी पडवीत निजू."

मला वाटलं होतं की मी आता तरी ओरडून सांगेन, अगं बाई, हे सगळं खोटं आहे. तोंड उघडलं होतं. पण ती बाज बघितली, तो तांदूळ हातात घेतला, त्याचा वास आला, आणि मला इतकं बरं वाटलं शरयू, की मी म्हटलं, "डिंक अजून पावशेर लागेल."

झालं. आता मीच त्यात सामील. काल मी दिवसभर कुंची-टोपड्यासाठी चिंधी शोधत होते. कोणासाठी, ते मला विचारू नकोस. मी काही वेडी झालेले नाही. बाळबीळ काही नाही हे मला ठाऊक आहे. पण तू तर आहेस ना? माझी बाळंतीण होऊन नको येऊस, नुसती ये. चार दिवस त्या बाजेवर लोळ. मी तुला चीक करून घालीन. रंभाबाईला काय सांगायचं ते आपण बघू. ती म्हणेल, आक्का, लेक लई वाळली, आणि तुला खायला घालत सुटेल.

मला तुझी फार आठवण येते. हे मी आजपर्यंतच्या पत्रांत लिहिलं नाही, पण तुला दिसलं असेलच. कुणी कुणाचं नसतं हे स्वामीजी सकाळी सांगतात तेव्हा मी हल्ली मान हलवत नाही. माझी मुलगी माझी आहे. ती बोलत नाही हा तिचा स्वभाव, आणि तो तिने माझ्याकडून घेतलाय.

पाडव्यापर्यंत तुझं काही आलं नाही तर मात्र मी नाव देईन. मग खोलीही सोडावी लागेल, आणि हा पत्ताही विसर. रुसून लिहीत नाही, खरंच. किल्ली जवळ ठेवून रोज वाट बघणं आता मला झेपत नाही.

तुझी,
आई

१३ ऑक्टोबर १९६०, गुरुवार

माझी शरयू,

दिगंबरराव मागच्या पडवीत अजून जेवताहेत. रंभाबाई त्यांना वाढते आहे, म्हणजे ते अर्ध्या तासात उठत नाहीत. तेवढ्यात हे लिहून त्यांच्याबरोबर देते. तोंडी निरोप देणार नाही. तू त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवत नाहीस हे मला आज कळलं.

काय झालं ते माझ्याकडून ऐक. ते सांगतील तेव्हा अर्ध्या गोष्टी गाळतील, भिडस्त माणूस.

आज मौन. मी ओसरीवर तांदूळ निवडत बसले होते, गळ्यात पाटी. लेले घंटेखाली बसून आमच्यावर नजर ठेवून. एवढ्यात फाटकातून एक पाटलोणवाला आला, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात वळकटी. मालेपासून चालत, शेतातून वाट चुकत. मी ओळखलंच नाही. त्याने वाकून नमस्कार केला तेव्हा डोक्यावरचं टक्कल बघून ओळखलं, की आमचे जावई. (पूर्वी एवढं नव्हतं. त्यांना काळजी देत जाऊ नकोस.)

मी पाटी ओढली. कसंबसं लिहिलं, "शरयू?"

ते घाईघाईने म्हणाले, "बरी आहे, बरी आहे, अगदी बरी आहे. आई, तिने मला एकच गोष्ट विचारायला पाठवलंय. रेल्वेचा पास होता, दोन दिवसांची रजा काढली. तुम्हांला कुणी सांगितलं?"

मी लिहिलं, "काय?"

त्यांनी लेल्यांकडे बघितलं, तांबडे झाले, आणि खाली वाकून कुजबुजले, "हेच. चौथा महिना आहे ते."

शरयू, मी ओरडले. "अगं बाई गं!" असा आवाज माझ्या गळ्यातून कधी निघाला नव्हता. तांदळाचं सूप उलटलं. गोठ्यातली गाय हंबरली. लेले उठून उभे राहिले आणि त्यांना काही सुचेना म्हणून त्यांनी घंटा बडवली, त्यामुळे सगळे आश्रमवासी जेवणाची वेळ झाली समजून धावत आले. रंभाबाई चुलीपासून पळत आली, हातात पळी. दिगंबररावांना आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाली, "ह्येच का आमचं पाव्हनं? म्या काय म्हनलं व्हतं आक्का? चार म्हयनं! मी काय येडी हाय?"

मी तिच्या गळ्यात पडून रडले आणि हसले. दोन्ही एकदम. पाटी मधे टोचत होती.

मग दिगंबररावांनी सगळं सांगितलं. की तू कुणालाही कळू दिलं नव्हतंस, त्यांच्या आईलासुद्धा नाही. सहा वर्षांनी लागलेली चाहूल, बोललं तर पुसून जाईल अशी भीती. आणि एवढ्यात माझं पत्र, त्यात भोपळा आणि चार महिने! तू म्हणालीस म्हणे, "आईला भोपळ्याने सांगितलं? मला काय शेंबडं पोर समजता? तुम्हीच चोरून लिहिलंत तिला आणि दोघांनी मिळून ही गोष्ट रचलीत." बिचाऱ्यांनी रामरक्षेवर हात ठेवून शपथ घेतली तरी तू आठ दिवस त्यांच्याशी अबोला धरलास. आणि शेवटी म्हणालीस, जा, आईच्या तोंडावर विचारून या.

मुली, त्यांनी मला एक अक्षर लिहिलेलं नाही. हे तुझ्या आईचं सहीनिशी. त्यांच्याशी बोल. सुरुवात आजच कर.

हेही त्यांनी सांगितलं, की माझं पत्र आलं की तू दार लावून वाचतेस, बाहेर आल्यावर म्हणतेस की असली पत्रं नकोत, आणि पुढचं यायला उशीर झाला की पोस्टमनशी भांडतेस. हे सांगितल्याबद्दल त्यांच्यावर रागावू नकोस. मीच विचारलं.

माझ्या मौनभंगाचं काय करायचं म्हणून लेले स्वामीजींना घेऊन आले. स्वामीजींचंही मौन. त्यांनी माझी पाटी मागितली, पुसली आणि लिहिलं, "शिक्षा: उद्याही मौन." लेले समाधानाने मान हलवत होते. मग स्वामीजींनी खाली आणखी एक ओळ लिहिली. "आज पोटभर बोला." आणि निसर्ग बघायला निघून गेले.

मी म्हटलं, दिगंबरराव, तिला आता सातव्यात घेऊन या. हवं तर पुण्याची खोली उघडते, घासूनपुसून ठेवते. नाहीतर रंभाबाईची बाज तयार आहे. पहिलं बाळंतपण आईकडे. ते भाताशी चाळा करत बसले. मग म्हणाले की डॉक्टरीणबाईंनी प्रवास अजिबात नको म्हणून सांगितलंय, एक जिनासुद्धा दिवसातून एकदाच. काळजीचं काही नाही, फक्त जपायचं. आणि मग खाली बघून म्हणाले, "तिने सांगितलंय की तुम्हांला या म्हणून म्हणायचं नाही. तुम्ही पूर्वीच नाही म्हणाला आहात, पुन्हा तेच ऐकायला तिला नको आहे. म्हणून मी म्हणत नाही."

तुझा स्वभाव! नाकाचा शेंडा मला इथून दिसला.

आज बोलायची मुभा मिळाली होती आणि मला शब्द नव्हता. रंभाबाईने आमटी वाढता वाढता ऐकलं होतं. ती म्हणाली, "मंग तुमीच जावा की. पाय हायेत न्हवं?"

मी म्हटलं, "अगं, जावयाच्या घरी कशी राहू?"

"जावयाच्या कशाला? लेकीच्या घरी जायाचं. जावई बी तितंच ऱ्हातो म्हून काय झालं?"

दिगंबररावांना ठसका लागला. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचे डोळे भरले होते, आमटी तिखट होती हेही आहे. आणि मला इतकं सोपं वाटलं सगळं, शरयू. दोन वर्षं मी ज्या दारावर पाटी वाचून मागे फिरले, त्या दारावर पाटी नव्हतीच.

मी येते आहे.

लेल्यांना सांगितलं, नाव देत नाही. ते चांगलेच हादरले. मला वाटलं माझ्या आत्म्याच्या कल्याणाची चिंता. ते म्हणाले, "मग आमटी?" दोन दिवसांत रंभाबाईला शिकवून निघते. ती म्हणते, तिला माझी आमटी नको, तिची तीच बरी. तेव्हा आश्रमाचं जे होईल ते होवो.

सामान बरंच होणार. तांदूळ, डिंक, अळीव रंभाबाईने बांधूनच टाकलेत. बायजाला आत्ताच कळलं, ती शेळी देते आहे. रेल्वेत शेळी नेता येत नाही म्हटलं तर म्हणाली, "पाव्हनं रेलात हायेत न्हवं? मंग?" मोठ्या मिनतवारीने घोंगडीवर भागवलं. काळी, नवी, टोचणारी. बाळाला नाही, तुझ्या पायांवर घालू.

पुण्याची खोली सोडत नाही. भांडून परत यायला जागा हवी. आपण भांडणार हे तुलाही ठाऊक आहे. आत्तापर्यंतचं सगळं भांडण तसंच ठेव, समोरासमोर करू. पत्रातून भांडायला काही मजा येत नाही, तू मधे बोलत नाहीस.

लक्ष्मीपूजनाच्या आत पोचते. गाडी इटारसीला पहाटे येते म्हणतात. दिगंबररावांना स्टेशनवर पाठव. तू उठू नकोस, जिना उतरू नकोस, पाणीसुद्धा तापवू नकोस. दार मी वाजवीन. रागावलेली असलीस तरी उघड.

तुझी,
आई